नेटचा आकडा ९४ वरच का अडतो?

प्रश्न : ताई, माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे व्हिडिओ गिऱ्हाइकांना अपलोड करून पाठवावे लागतात, म्हणून ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला. जुन्या डेस्कटॉपला वायफाय नाही, त्यासाठी खोक्यावर १२०० लिहिलेलं यूएसबी डोंगल आणलं. पण स्पीड ९३-९४ च्या वर जातच नाही. दुकानदार म्हणतो, याहून भारी डोंगल घ्या. घेऊ का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : इतक्यात नका घेऊ. तुम्ही कळवलेला आकडाच दुखणं कुठे आहे ते सांगतोय. वायफायचा वेग असा एका जागी ठरत नाही. मध्ये दार लागलं, शेजारचा राउटर सुरू झाला, की वरखाली होतो. दर वेळी ९४ च येत असतील, तर बहुधा गाठ तारेत आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टातून (म्हणजे राउटरमागे केबल खोचायच्या खाचेतून) प्रत्यक्षात साधारण एवढेच हाती लागतात.

खात्री करायला राउटरशेजारी उभं राहून फोनवर ५ गीगाहर्ट्‌झच्या वायफायने टेस्ट घ्या. तिथेही ९४ च आले, तर डोंगल निर्दोष आहे.

मग फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामधली केबल बघा. तिच्यात आठ तारा असतात. १००० च्या वेगाला आठही लागतात, १०० ला चार पुरतात. एखादी तुटली की जोडणी बहुतेक वेळा मुकाट्याने १०० वर उतरते. नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. माझ्या घरी ही केबल दाराच्या फटीत चेपली होती. ते कळेपर्यंत मी नवं डोंगल विकत घेऊन बसले होते, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगतेय. चांगली कॅट ५ई केबल (१००० चा वेग पेलणारी) लावून बघा.

तरीही आकडा हलला नाही, तर राउटरचे पोर्ट तपासा. १२०० वाल्या कितीतरी स्वस्त राउटरांना पोर्ट १०० चेच असतात. तसं असेल तर पैसे राउटरवर घाला, गीगाबिट, म्हणजे १००० च्या, पोर्टचा घ्या.

आणि ते १२०० म्हणजे २.४ गीगाहर्ट्‌झवरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची फुगवलेली बेरीज. डोंगल एका वेळी यातल्या एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतं. खोक्यावर असे आकडे छापणं मला मुळीच पटत नाही.

तारेची गाठ सुटल्यावर डोंगल कुठे खोचलंय ते बघा. यूएसबी २.० कागदावर ४८०, पण हाती ३०० च्या आसपासच देतं. वायफायची गळती धरली तर त्याहून कमी. डोंगल यूएसबी ३.० चं असेल तर सीपीयूच्या मागच्या, बहुधा निळ्या, पोर्टात लावा आणि ५ गीगाहर्ट्‌झवरच जोडा, कारण यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ च्या बँडला त्रास देतो.

एक मात्र प्लॅनच्या कागदावर पाहून घ्या : अपलोडही ३०० चाच आहे ना? असेल, तर ५० जीबीचा व्हिडिओ आज सव्वा तास घेतो, तो अर्ध्या तासाच्या आत जायला हवा.