साय-फाय मालिकेत प्रत्येक पात्राची वेगळी धून असते म्हणतात, मग ती मला ऐकू का येत नाही?

तुम्ही 'डॉक्टर हू'चे २००५ नंतरचे सीझन आणि 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' पूर्ण बघितलंत. मित्र म्हणतात दोन्हींत पात्रागणिक थीम आहे, तुम्हाला मात्र 'मागे काहीतरी वाजतंय' एवढंच कळतं. कानात दोष आहे का, आणि हा सगळा प्रकार नुसती सजावट आहे का, असं तुम्ही विचारलंय. (ज्यांनी या मालिका बघितल्या नाहीत त्यांनी इथेच थांबा, पुढे गोष्ट फुटणार आहे.)

कानात काही दोष नाही. मी कोथरूडला पेटी शिकवते, अधूनमधून मालिका आणि शॉर्टफिल्मचं पार्श्वसंगीत करते, तरी पहिल्यांदा बघताना निम्म्या थीम माझ्याही हातून निसटतात. करणाऱ्याने तशीच सोय केलेली असते. तुमचं लक्ष गोष्टीत असतं आणि धून मागच्या दाराने आत येऊन बसते.

आधी एक घरचा किस्सा सांगते. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो तेव्हा बाबांची चेतक होती. कोपऱ्यावर वळून गिअर बदलला की ती एकदा खोकायची. गल्लीत चेतक पाच-सहा होत्या, पण आई तो खोकला बरोबर ओळखायची आणि चहाचं आधण ठेवायची. बाबा रिटायर झाले, स्कूटर पलीकडच्या वाड्यातल्या एकांनी घेतली. त्यानंतर कितीतरी महिने संध्याकाळी साडेसहाला स्कूटर वळली की आई उठून आधण ठेवायची, आणि बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे. "अगं, मी इथेच आहे," म्हणायचे. चहा मात्र घ्यायचे.

थीमची खरी ताकद मला तिथे दिसते. बाबा दारात उभे असताना स्कूटरचा आवाज आला तर नवीन काय कळलं? माणूस एकीकडे आणि त्याचा आवाज दुसरीकडे झाला की मजा सुरू होते. तुमचे मित्र 'अमका आला की अमकी धून' असं सांगत असतील तर ते पहिलं पाऊल झालं. तेवढ्यावर थांबलं तर थीम म्हणजे दारावरची पाटी.

'डॉक्टर हू'मध्येच बघा, म्हणजे निळ्या खोक्यातून काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर'च्या मालिकेत. मालिकेचं शीर्षकसंगीत १९६३ चं. रॉन ग्रेनरने ते लिहिलं आणि बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायरने टेपचे तुकडे कापून, जोडून ते घडवलं. ते अख्ख्या मालिकेचं. पात्रांच्या थीमचा बहुतेक भाग २००५ नंतर मरे गोल्डने केला. पहिल्या सीझनला त्याच्याकडे खरा ऑर्केस्ट्रासुद्धा नव्हता, संगणकातल्या आवाजांवर काम भागवलं होतं. त्या सीझनचा पहिला भाग आठवा. रोझ, डॉक्टरची सोबतीण, पहिल्यांदा त्या निळ्या खोक्यात पाय टाकते तेव्हा मागे शब्दांशिवाय एका बाईचा आवाज येतो. गायिका मेलनी पॅपनहाइम. त्या क्षणी तो कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण आपण खोकं आतून एवढं मोठं कसं हेच बघत असतो.

मग जुलै २००६ मधला 'डूम्सडे' हा भाग. रोझ आणि डॉक्टर दोन वेगळ्या विश्वांत अडकतात, भिंत कायमची बंद होते. इथे निर्मात्यांना व्हायोलिनचा पूर अपेक्षित होता. गोल्डने उलट केलं. खाली एक धडधडत राहणारा ठेका, आणि वर तोच बाईचा आवाज, खोक्यात शिरतानाचा. जिथे दार उघडलं होतं, तिथलाच आवाज दार बंद होताना. रडू येतं ते त्यामुळे, पण रडणाऱ्याला विचारलंत तर तो नटांचं कौतुक करेल. करू दे.

आणि एप्रिल २००८. डोना, डॉक्टरची नंतरची सोबतीण, रस्त्यावर उभ्या एका सोनेरी केसांच्या मुलीला गाडीच्या किल्लीबद्दल निरोप देऊन निघून जाते. डोनासाठी ती कुणीही. मुलगी वळते, ती रोझ, आणि मागे 'डूम्सडे'ची धून. एक शब्द कुणी बोलत नाही. ज्यांच्या कानात ती धून दोन वर्षं मुरली होती ते सोफ्यावरून उठले असतील. आई आधण ठेवायला उठायची तसेच.

आता तुम्हाला ऐकू का येत नाही, याचं मला सुचलेलं कारण. आपले कान तंबोऱ्यावर पोसलेत. सवाई गंधर्वला थंडीत स्वेटर घालून बसा नाहीतर देवळात भजनाला, खालचा सा हलत नाही. आपण सगळं लक्ष वरच्या चालीकडे लावतो आणि चाल बदलली की म्हणतो काहीतरी घडलं. या मालिकांच्या संगीतात पुष्कळदा चाल तीच राहते आणि खालची जमीन सरकते.

हे दोन मिनिटांत करून बघता येईल. फोनवर पियानोचं कुठलंही अ‍ॅप उघडा, पेटी असेल तर उत्तम. पांढरी एक (पियानोवरचा C) हा सा धरा. उजव्या हाताने सा आणि ग एकत्र दाबून ठेवा, आता तो हात हलवायचा नाही. डाव्या हाताने खालच्या सप्तकातला सा लावा. स्वस्थ वाटतं, घरी आल्यासारखं. आता तो सा सोडून मंद्रातला शुद्ध ध (A) लावा. वरचे सा-ग तेच आहेत, पण ऊन उतरलं. आता शुद्ध ध सोडून त्याच्या डावीकडची काळी पट्टी, कोमल ध. वर अजून तेच दोन स्वर, पण आता दारामागे कुणीतरी उभं आहे. माझ्या क्लासमधली नऊ वर्षांची मुलगी तिथे "ई" करून हात मागे घेते, दर वेळी.

आपल्याकडे हा खेळ निराळ्या रीतीने आहेच. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूप गंधारावर रेलतो, देशकार धैवतावर, आणि दोन वेगळी माणसं उभी राहतात. म्हणजे ओळखायची बुद्धी आपल्याकडे आहे, फक्त ती खालच्या मजल्यावर पाठवायची सवय नाही.

ताल मात्र तुम्हाला लगेच सापडेल. २०१० मध्ये डॉक्टरचा नट बदलून मॅट स्मिथ आला तेव्हा गोल्डने त्याच्यासाठी 'आय अ‍ॅम द डॉक्टर' केलं. ते सातात आहे. टाळी देत मोजा, सात झाले की पुन्हा एक. आमच्या रूपक तालासारख्याच सात मात्रा, अर्थात रूपक 'खाली'पासून, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेपासून, सुरू होतो आणि त्याचा तोल निराळा. आठवी मात्रा येईल म्हणून पाय टाकावा तर पुढचं आवर्तन सुरू झालेलं असतं. तो डॉक्टर असाच आहे, तुमचं वाक्य संपायच्या आत दोन खोल्या पुढे. पात्राची थीम म्हणजे सूरच असं नाही, कधी नुसती चालण्याची ढब असते.

'बॅटलस्टार'चं प्रकरण माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. सुरुवातीच्या लघुमालिकेचं संगीत रिचर्ड गिब्जचं होतं, बेअर मॅकक्रिअरी त्याच्या हाताखाली होता, पुढे मालिका त्याने सांभाळली. नेहमीचे अंतराळातले तुतारी-नगारे नकोत असं ठरलं होतं. म्हणून जपानी ढोल आहेत, आर्मेनियाचं दुदुक हे फुंकवाद्य आहे, आणि शीर्षकात चक्क गायत्री मंत्र. ऋग्वेदातला, तिसऱ्या मंडलातला. माझी लेक पहिल्यांदा हे बघत होती तेव्हा आई आतून जपमाळ घेऊन बाहेर आली, पडद्यावर स्फोट बघितला, "उच्चार शिकवा कुणीतरी त्यांना" म्हणाली आणि परत गेली.

यातली सिक्स आठवा, लाल कपड्यांतली. तिची धून धातूच्या, घंटीसारख्या वाद्यांवर, अगदी छोटी. खोलीत दहा माणसं असतात पण तिला फक्त बाल्टर हा शास्त्रज्ञ बघतो. ती घंटा वाजली की आपणही बाल्टरच्या डोक्यात जाऊन बसतो, आणि बाकीचे नऊ जण बाहेर राहतात. 'आता कुणाच्या बाजूने बघायचं' हे ती धून सांगते. सजावट असती तर काढून टाकता आली असती. ही काढली तर प्रसंग कुणाचा आहे तेच कळणार नाही.

अ‍ॅडामा बापलेकांची थीम तर आयरिश आहे, शब्द गेलिक, वाद्य इलियन पाइप्स. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली भाता धरून वाजवतात. भाता म्हटल्यावर पेटीवाल्याचा जीव अडकतोच. पहिल्या सीझनमध्ये मोहिमेआधी बाप लेकाला आजोबांचा लायटर देतो. दोघांनाही मनातलं बोलता येत नाही. लायटरवर बोलतात. उरलेलं संगीत बोलतं, आणि नेमकं तेवढंच बोलतं.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी, २००७ मध्ये, मॅकक्रिअरीने बॉब डिलनच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'चे तुकडे चार पात्रांच्या कानात सोडले. जहाजात बाकी कुणाला ते ऐकू येत नाही. चौघे आवाजाचा माग काढत एका खोलीत येतात आणि आपण कोण आहोत हे त्यांना कळतं. आतापर्यंत थीम प्रेक्षकांना ऐकू यायची, पात्रांना नाही. इथे पात्रांनीच आपली थीम ऐकली. त्या गाण्यात इलेक्ट्रिक सतार आहे आणि हार्मोनियमही आहे. मी तो भाग थांबवून पेटी शोधत बसले होते, शेजारी लेक वैतागलेली.

सगळ्याच मालिकांत हे मिळेल असं समजू नका. १९८७ ला सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मध्ये निर्मात्यांना संगीत लक्षातच यायला नको होतं. रॉन जोन्सने बोर्ग नावाच्या शत्रूच्या भागांना, १९९० मध्ये, अंगावर काटा येईल असं संगीत दिलं, आणि १९९१ मध्ये त्याला निरोप मिळाला. त्या मालिकेत तुम्हाला पात्रांच्या थीम सापडल्या नाहीत तर कानाला बोल लावू नका.

थीम मारायची कशी हेही मी जवळून बघितलंय. एका मराठी मालिकेसाठी मी तीन पात्रांच्या तीन धुना करून दिल्या. थोरल्या जावेची धून बासरीवर, अडखळणारी, कारण ती बाई खोटं बोलताना अडखळते. एडिटरला ती 'भारी' वाटली म्हणून त्याने साखरपुड्याला लावली. मग बारशाला. मग कुणीही दार उघडलं की. चाळिसाव्या भागात जाऊबाई खरोखर खोटं बोलल्या तेव्हा ती वाजली, पण तोवर ती घराच्या बेलसारखी झाली होती. मी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, लोकांना आवडतीये ना." आवडत होती, हेही खरंच.

तर करायचं काय? फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खालचे स्वर जवळजवळ नसतातच, आणि सगळी गंमत तिथे आहे. बघितलेलाच भाग पुन्हा लावा आणि स्वयंपाकघरात जा. आमच्याकडे हा खेळच आहे. लेक हॉलमध्ये बघते, मी पोळ्या लाटते, आणि संवाद सुरू व्हायच्या आत कोण आलं ते ओरडून सांगायचं. एका वेळी एकच पात्र धरा. धून गुणगुणता आली पाहिजे, नुसती 'ओळखीची वाटते' हे चालत नाही. रोझपासून सुरुवात करा, तिची पियानोवरची थीम साधी आहे.

पहिले काही दिवस चुकाल. मी परवा आतून मोठ्या आत्मविश्वासाने "मार्था!" म्हणून ओरडले, तर ती जाहिरात होती.