जागा पन्नास-साठ, आणि मी बार्शीची

ताई,
मी बारावी सायन्सला आहे, सेमी-इंग्रजीतून शिकले. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, आई शिवणकाम करते. घरात ठरलंय की सीईटी द्यायची आणि सोलापूर नाहीतर पुण्याला इंजिनिअरिंग. आमच्या गणिताच्या सरांनी मात्र कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा फॉर्म भरायला सांगितलाय. तिथे जागा जेमतेम पन्नास-साठ आणि परीक्षेला हजारो मुलं. मला गणित आवडतं, एखादं अडलं की दोन-दोन दिवस डोक्यातून जात नाही. पण ती मुलं कुठे आणि मी कुठे! आत्या म्हणते, नंबर लागला नाही तर चार लोकांत हसं होईल, आणि लागला तर एवढ्या लांब मुलीला पाठवायचं कुणी? बाबा काहीच बोलत नाहीत. भरू का फॉर्म?
– बार्शीची एक मुलगी

प्रिय मुली,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. इंजिनिअरिंगबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, तेही "घरात ठरलंय" एवढंच. गणिताबद्दल लिहिताना मात्र तुझा हात सैल सुटला. माझं उत्तर मला तिथेच मिळालं. भर फॉर्म.

नंबर लागेल का, हे मला सांगता येणार नाही, तुझ्या सरांनाही नाही. आणि तुझा निर्णय त्यावर टांगून ठेवू नकोस. स्वतःला दोनच गोष्टी विचार. प्रवेश मिळाला तर मी खरंच जाईन का? आणि नाही मिळाला, तरी त्यासाठी केलेला अभ्यास मला हवाहवासा वाटेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर जागा पन्नास असोत नाहीतर पाच, अर्ज करायचा. नुसतं मोठं नाव आहे म्हणून भरायचा असेल, तर मी तुला थांबवलं असतं.

"मी कुठे, ती मुलं कुठे" हे वाक्य मुलींच्या पत्रांत मला फार वेळा भेटतं, आणि दर वेळी वाईट वाटतं. निवड करणारे लोक तिकडे बसलेत, ते त्यांचं काम करतील. तू इथे बसून आधीच स्वतःचं नाव का खोडतेस?

आता ही परीक्षा नीट समजून घे, कारण ती सीईटीसारखी नाही. या संस्थेची संख्याशास्त्राची पदवी, म्हणजे बी.स्टॅट., कोलकात्याला असते आणि गणिताची, म्हणजे बी.मॅथ., बंगळुरूला. दोन्हींना बारावीला गणित आणि इंग्रजी लागतं, आणि प्रवेश परीक्षा फक्त गणिताची. साधारण मे महिन्यात एकाच दिवशी दोन पेपर होतात. सकाळचा पर्यायी उत्तरांचा असतो. दुपारच्या पेपरात दोन तासांत मोजकी आठ गणितं असतात, पण ती पायरीपायरीने, कारणं देऊन लिहायची. तिथे सूत्र पाठ असून भागत नाही. जुने पेपर संस्थेच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. त्यासाठी कुणाच्या महागड्या क्लासला जायची गरज नाही. तुझे सर आहेत, ते पुरेत.

वेळेचं म्हणशील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग सीईटी, मग ही. फिजिक्स-केमिस्ट्री सोडू नकोस. सीईटी पूर्ण ताकदीने दे, ती तुझ्या पायाखालची जमीन आहे. सकाळच्या पेपराचा बराचसा अभ्यास तुझ्या बारावीच्या गणितातूनच होतो. वेगळा सराव लागतो तो फक्त दुपारच्या पेपराचा. त्याला रोज तासभर आणि रविवारची सकाळ दे. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: यासाठी वर्ष वाया घालवायचं नाही. नंबर लागला नाही तर ठरल्याप्रमाणे इंजिनिअरिंगला किंवा बी.एस्सी.ला जायचं.

शिवाय कोलकाता हा एकच दरवाजा नाही. चेन्नईजवळ सिरुसेरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. तिथली प्रवेश परीक्षाही अशाच वळणाची. फी जास्त आहे, पण परिस्थिती पाहून सवलत मिळते. आणि अगदी घराजवळ पुण्याची आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिची स्वतःची प्रवेश परीक्षा आयएटी. पण त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीही येतं. या दोन्हींचे अर्ज भरायला मी नक्की सांगेन. उगाच आणखी दहा ठिकाणी मात्र भरू नकोस, प्रत्येक फॉर्मला पैसे पडतात.

आता बाबा. आत्याचं बोलणं तू पत्रात उतरवलंस, पण तुला खरं टोचतंय ते बाबांचं गप्प राहणं. त्याचा अर्थ तू "नाही" असा घेतलायस. मला तसं वाटत नाही. पगारात घर चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात पहिला हिशेब खर्चाचा येतो, आणि तो हिशेब त्यांच्यासमोर कुणी मांडलेलाच नाही. तू मांड. ड्युटीवरून आल्या आल्या नको, सुट्टीच्या दिवशी, एका कागदावर लिहून. अर्जाची फी साधारण हजार-दीड हजाराच्या घरात. बी.स्टॅट.ला शिक्षण शुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं, अलीकडच्या वर्षांत ते पाच हजार रुपये आहे. मात्र अभ्यासात घसरलं तर ते थांबू शकतं, हेही लिही, लपवू नकोस. मुलींसाठी वसतिगृह आहे. पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्सप्रेस जाते, प्रवास जवळजवळ दीड दिवसाचा. पुढे काय, असं ते विचारतील. तर सांग, 1931 साली प्रशांतचंद्र महालनोबिसांनी ही संस्था काढली, 1959 च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. इथून शिकलेली मुलं बँका, विमा, डेटाच्या कंपन्या, संशोधन अशी सगळीकडे आहेत. सरांनाही घरी बोलाव. बाबा सरांना जे विचारतील ते कदाचित तुला विचारणार नाहीत.

लांब राहायची भीती खोटी नाही. पहिले काही महिने भाषा वेगळी, जेवण वेगळं, वर्गात इंग्रजी भराभर बोलणारी मुलं. रडू येईल. पण तुझे गणिताचे शब्द सेमी-इंग्रजीमुळे आधीच इंग्रजीत आहेत, आणि ही फार मोठी सोय आहे.

हसं होण्याचं म्हणशील, तर ते टाळणं तुझ्याच हातात आहे. आई, बाबा आणि सर, एवढ्यांनाच सांग. आत्याला निकालानंतर कळलं तरी चालेल, तिचा रुसवा आई काढेल.

आज रात्री एक कर. कोणत्याही पाच पूर्ण संख्या घेतल्या, तर त्यांतल्या तीन अशा निवडता येतातच की ज्यांची बेरीज तीनने भागली जाते. हे सिद्ध कर. उदाहरणं घेऊन पाहणं म्हणजे सिद्धता नव्हे, सगळ्याच पाच संख्यांसाठी ते का खरं आहे, ते लिही. तीनने भागल्यावर बाकी काय उरते, तिथून सुरुवात कर. मग आठवडाभर जुन्या पेपरांतली अशी रोज दोन गणितं घे. आठवड्याने कंटाळा आला, वही उघडावीशी वाटेना, तर फॉर्म भरू नकोस आणि त्याची खंतही करू नकोस. आणि झोपायची वेळ टळून गेली तरी वही मिटवत नसेल, तर त्या रविवारी बाबांसमोर कागद ठेव. अर्ज सुरू व्हायच्या आत घरात बोलणं झालेलं बरं. काय ठरलं ते मला कळव, आणि ती सिद्धताही पाठव.

तुझी,
ताई