खरं राहायचं म्हणून एकटं राहायचं?

‘ताई, वय ४३, ठाण्याला नौपाड्यात राहतो. आमच्या हौशी नाट्यगटात एकाने नवी एकांकिका वाचली. सगळे “मस्त, मस्त” करत होते, मी “टाकाऊ” म्हणालो. त्यावरून वाजलं. दीड वर्ष झालं, गट सोडला, तलावपाळीकडे फिरकणंही बंद केलं. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या ‘मिझान्थ्रोप’ नाटकातला, माणसांच्या खोटेपणाला विटलेला अल्सेस्त मला माझाच वाटतो. खोट्या माणसांत स्वतःला हरवण्यापेक्षा एकटं बरं. एक जुना मित्र तेवढा दिवाळीला अंक वॉचमनकडे ठेवून जातो. मग रात्री झोप का लागत नाही?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकांकिका टाकाऊ असेलही. खरं बोललात म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही.

पण अल्सेस्तला साक्षीला बोलावलंत, तर त्याची साक्ष पुरती ऐका. १६६६ साली पॅरिसला हे नाटक पहिल्यांदा झालं, तेव्हा ही भूमिका स्वतः मोलिएरने केली. पहिल्याच अंकात ओरोंत नावाचा हौशी कवी अल्सेस्तला आपलं सुनीत वाचून दाखवतो. एवढा फटकळ माणूस, पण आधी आडवळणाने बोलतो. ‘मी तसं म्हणत नाही, पण...’ हे पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि मगच तोंडावर सांगून टाकतो. ते चाचरणारं माणूसही अल्सेस्तच आहे हो. ‘टाकाऊ’ म्हणण्याआधी तुम्ही क्षणभर चाचरलात का?

शेवटी तो आपल्या प्रेयसीला, सेलिमेनला म्हणतो, हे जग सोडून माझ्याबरोबर चल. विशीतली ती मुलगी लग्नाला तयार होते, एकांताला नाही. तो एकटाच निघतो. तुम्ही बहुतेक इथेच थांबलात. नाटक मात्र थांबत नाही. त्याचा मित्र फिलिंत सेलिमेनच्या बहिणीला, एलियांतला म्हणतो, चल, त्याला अडवू या. मग पडदा. तो परत आला का, हे मोलिएर सांगत नाही.

तुमचा फिलिंत दिवाळी अंक ठेवून जातो. त्याला तुम्ही पत्रात एकच ओळ दिलीत, पण मी तिथेच अडकले. बेल न वाजवता, तुमचा मान राखून, तो खालच्या खाली परत जातो.

झोप लागत नाही, कारण ते भांडण रोज रात्री दोन्ही बाजूंनी तुम्ही एकटेच भांडताय. गटात परत जायची घाई नको. मित्राला आजच फोन करा. अंकातली एखादी कथा आवडली नसेल, तर तेही त्याला मोकळेपणी सांगा. फक्त त्याआधी तो कसा आहे, हे विचारा.

— तुमची ताई