वाढवण बंदर झालं की भारताला कोलंबोची गरज उरणार नाही का?

प्रश्न असा आहे: पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होणारं वाढवण बंदर तयार झाल्यावर आपला कंटेनर व्यापार कोलंबो-सिंगापूरवर अवलंबून राहणार नाही, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का?

उत्तर : खरं नाही. वाढवण आणि कोलंबो यांची कामंच वेगळी आहेत, बातम्यांत दोन्हींची खिचडी झालीय.

मी नवी मुंबईत फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे निर्यातदारांचा माल जहाजानं पाठवण्याच्या धंद्यात आहे, आमचा बहुतेक माल न्हावा शेवाहून (जेएनपीटी, आताचं जेएनपीए) निघतो. नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला जातात तेव्हा बॉक्स, म्हणजे कंटेनर, सहसा इथेच युरोपच्या मोठ्या जहाजावर चढतो, कोलंबोत उतरत नाही. गुजरातेतल्या मुंद्र्याचंही तसंच. कोलंबोचं दुखणं मुख्यतः दक्षिणेचं आणि पूर्व किनाऱ्याचं. कोलकाता बंदर हुगळीच्या पात्रात समुद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर आत, तिथं मोठं जहाज पोचणार कसं? मग तिकडचा बॉक्स फीडरनं, म्हणजे छोट्या जहाजानं, कोलंबो, सिंगापूर नाहीतर मलेशियातल्या पोर्ट क्लांगला जातो आणि तिथं लांब पल्ल्याचं मोठं जहाज (मदर व्हेसल) गाठतो. या अदलाबदलीला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. आपल्या ट्रान्सशिपमेंटच्या मालापैकी सुमारे ७५ टक्के परदेशी बंदरांत हाताळला जातो हा सरकारनंच वारंवार सांगितलेला आकडा आहे.

याला उतारा म्हणून केरळमधलं विळिंजम उभं राहिलं. नैसर्गिक खोली १८ ते २० मीटर, आंतरराष्ट्रीय जलमार्ग जेमतेम १० सागरी मैलांवर. २ मे २०२५ ला त्याचं औपचारिक लोकार्पण झालं आणि जूनमध्ये २४ हजार टीईयूंहून (एक टीईयू म्हणजे वीस फुटी एक कंटेनर) मोठं 'एमएससी इरिना' हे जहाज तिथं लागलं. सुरुवात दणक्यात झाली, पण तिथं येणारी जहाजं बहुतांशी एमएससी या एकाच जहाज कंपनीची आहेत आणि हे मला खटकतं. बाकीच्या लाइन्स, म्हणजे जहाज कंपन्या, कोलंबो सहजासहजी सोडणार नाहीत, कारण तिथून रोज कुठल्या ना कुठल्या दिशेला जहाज निघतं. २०११ मध्ये कोचीच्या वल्लारपाडमचंही देशाचं ट्रान्सशिपमेंट टर्मिनल म्हणून असंच कौतुक झालं होतं. गाळ सतत उपसावा लागे, तो खर्च जड आणि लाइन्स काही वळल्या नाहीत. धक्का आपण बांधतो, पण जहाज कुठं लावायचं हे लाइन ठरवते. आणि गंमत बघा, विळिंजम चालवणाऱ्या अदानींचंच टर्मिनल एप्रिल २०२५ पासून कोलंबोतही सुरू आहे!

आता वाढवण. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, खर्च सुमारे ७६ हजार कोटी, नऊ कंटेनर टर्मिनल, पूर्ण क्षमता २ कोटी ३२ लाख टीईयू. न्हावा शेवानं २०२४-२५ मध्ये ७३ लाख टीईयू हाताळले, म्हणजे वाढवणची क्षमता त्याच्या तिपटीहून जास्त. हे सगळं उत्तर आणि पश्चिम भारतातल्या कारखान्यांच्या मालासाठी आहे. मला त्यात खोलीपेक्षा जागा जास्त मोलाची वाटते. पश्चिम मालवाहतूक कॉरिडॉरच्या, म्हणजे दिल्लीकडून मुंबईकडं येणाऱ्या फक्त मालगाड्यांच्या रेल्वेमार्गाच्या, १५०६ किलोमीटरपैकी सगळ्यात रेंगाळला तो वैतरणा ते जेएनपीटी हा शेवटचा १०२ किलोमीटरचा तुकडा. वाढवण वैतरण्याच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तिथला बॉक्स मुंबईच्या गर्दीत न शिरता डबलस्टॅक गाडीनं (एकावर एक कंटेनर रचलेल्या मालगाडीनं) थेट दिल्लीकडं जाऊ शकेल. न्हावा शेवात काम केलेल्याला विचारा. जहाज एका दिवसात रिकामं होतं, पण ट्रेलर गेटबाहेर रांगेत उभा असतो, इकडं कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी माल आत घेण्याची शेवटची वेळ, टळतो आणि बॉक्स पुढच्या जहाजावर ढकलला जातो.

क्षमता वाढली म्हणजे व्यापार वाढला असं मात्र नाही. एकटं शांघाय २०२४ मध्ये ५ कोटी टीईयूंच्या पुढं गेलं, आपली सगळी बंदरं मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपला माल नेणारी जहाजं जवळपास सगळी परदेशी, बॉक्स बहुतेक चिनी बनावटीचे. म्हणून २०२१ मध्ये रिकामे बॉक्स मिळेनासे झाले तेव्हा भाड्यावर आपलं काही चाललं नाही. २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि द्राक्षांचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. त्या वेळी धक्के रिकामे असून काय उपयोग होता? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जहाजबांधणीसाठी जवळपास ७० हजार कोटींचं पॅकेज मंजूर केलं, पण जहाजं ताफ्यात दिसायला वर्षं लागतील.

राहता राहिला वाढवणच्या तारखेचा मुद्दा. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये इथलं बंदर नाकारलं होतं, २०२३ मध्ये परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो नुसत्या भरपाईच्या आकड्यांनी मिटेल असं मला वाटत नाही, कारण जाणार आहे ती त्यांची मासेमारीची जागाच. पहिल्या टप्प्यासाठी २०२९-३० सांगितलं जातं, मी त्यात दोन-तीन वर्षं मिळवून धरतो. तुम्ही स्वतः निर्यातीत असाल तर तोवरचे करार न्हावा शेवा धरूनच करा. माल तमिळनाडू-केरळातून जात असेल, तर मात्र विळिंजमहून एमएससीचा दर आत्ताच मागवून बघायला हरकत नाही.