किल्लीतला सेल आणि कणकुंबीचा चहा

मागच्या अंकात मी क्लचप्लेटवर दोन पानं खरडली, आणि पत्रं आली ती सगळी गाडीच्या किल्लीची. चालायचंच. क्लच जळायला वर्षं लागतात, किल्लीतला सेल मात्र नेमका लग्नाला निघताना जातो. बेळगावच्या उद्यमबागेतलं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आता मुलगा बघतो. मी बाकावर बसून चहा पितो आणि तुमची पत्रं वाचतो. त्यातली पाच आज घेतली.

खानापूरहून एक शिक्षिका लिहितात : पंधरा दिवस झाले, गाडी सुरू केली की काट्यांच्या मधल्या पडद्यावर किल्लीचं चित्र येतं आणि तिची बॅटरी कमी आहे असं इंग्रजीत दिसतं. आमच्या घरी म्हणतात, चालतंय तोवर चालव. मी रोज जांबोटीच्या पुढं शाळेला जाते. मधे जंगल, फोनला रेंज नाही. चालत्या गाडीत हा सेल संपला तर गाडी बंद पडेल का?

नाही बाई, पडणार नाही. इंजिन एकदा सुरू झालं की किल्लीतल्या सेलाशी त्याचं देणंघेणं नसतं. फार तर ‘किल्ली सापडत नाही’ म्हणून गाडी टुंई-टुंई करेल. अडचण येते ती गाडी बंद करून परत सुरू करताना, आणि युक्ती माहीत असली तर तीही येत नाही. मला माहीत नव्हती.

सहा वर्षांमागची गोष्ट. जुलै महिना. साखळीला बहिणीकडं जाऊन चोर्ला घाटातनं परत येत होतो, कणकुंबीला चहा-भज्याला थांबलो. मलप्रभा जिथं उगम पावते तिथला पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगू? चहा पिऊन आलो, किल्लीचं बटण दाबलं, गाडी मुकी. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं, तरी मुकी. खरं म्हणजे महिनाभर ती मला सांगत होती. आधी गच्चीवरनं उघडणारी गाडी नंतर जवळ गेल्याशिवाय उघडेना, मग दोनदा-तीनदा दाबावं लागायला लागलं. गिऱ्हाइकाच्या गाडीत हे दिसलं असतं तर उभ्या उभ्या सेल बदलून दिला असता. स्वतःची गाडी म्हटल्यावर उद्या करू.

फोनला रेंज नाही. मी मनात टो गाडीचा हिशेब करूलोय तोवर बायको म्हणाली, “अहो, किल्लीच्या पोटात किल्ली असते म्हणे. बघा की.” खटका सरकवला तर खरंच आतनं पातं निघालं. ड्रायव्हरच्या दाराला घालून फिरवलं, दार उघडलं आणि सायरन सुरू. टपरीवरची सगळी माणसं चोराकडं बघावं तशी माझ्याकडं बघायला लागली. ही मात्र शांतपणे आत बसली, कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाली, “किल्ली त्या स्टार्टच्या बटणाला टेकवायची आणि मग दाबायचं.” क्लच दाबला, टेकवली, दाबलं. सायरन बंद, गाडी चालू. बेळगावपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता हे होतं कसं ते सांगतो. त्या एवढ्याशा डबीत दोन वेगळी यंत्रं असतात. एक रेडिओ. लांबनं कुलूप उघडायचं, खिशातनंच गाडीला ओळख द्यायची, ही कामं त्याची, आणि तो सेलावर चालतो. दुसरी एक बारकी चिप. तिला सेल लागतच नाही. स्टार्ट बटणाच्या आसपास तारेचं वेटोळं असतं, किल्ली अगदी जवळ आली की त्याच्या चुंबकी लहरीतनं चिपला लागेल तेवढी वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. शेजाऱ्याच्या वायरीवर आपला बल्ब लावल्यागत. इंजिनाला सोडायचं की अडवायचं हे त्या नंबरावर ठरतं. म्हणून सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर क्लचऐवजी ब्रेकवर पाय. काही गाड्यांत किल्ली बटणाला न टेकवता गिअरजवळच्या कप्प्यात किंवा खाचेत ठेवावी लागते, ते पुस्तकात बघून ठेवा. किल्ली पिळून सुरू करायची गाडी असेल तर हाही प्रश्न नाही, चिप किल्लीच्या मुठीतच असते.

बाई, येत्या रविवारी एवढं करा. पातं बाहेर काढून दार एकदा त्यानं उघडून बघा. काही गाड्यांत किल्लीचं भोक हँडलवरच्या टोपणाखाली लपलेलं असतं, ते अंधारात पावसात शोधायची पाळी नको. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप आपल्या पावसात घट्ट होतं. त्यात तेल ओतू नका, धूळ धरतं. ग्राफाइटची पूड चालते. आणि सेल आताच बदला. घरच्यांचं ‘चालतंय तोवर’ डिसेंबरच्या पहाटेपर्यंतच चालेल, कारण थंडीत अशक्त सेल आधी मान टाकतो.

निपाणीहून एक व्यापारी : तीन महिन्यांत दोनदा सेल घातला. दुकानदार म्हणतो किल्लीच खराब. नवीन किल्लीचा खर्च ऐकून घाम फुटला.

मालक, दुकानदाराचं ऐकायच्या आधी मला एक सांगा, घरी किल्ली कुठं टांगता? तुमच्या पत्रात आलंय की गाडी सोप्याच्या भिंतीला लागून असते. खुंटी त्याच भिंतीवर आतल्या बाजूला असेल तर रोग तिथंच आहे. काही गाड्या किल्ली जवळ आली का म्हणून सारख्या हाका मारत असतात, आणि किल्ली बिचारी ओ देत बसते. रात्रभर या दोघींच्या गप्पा. त्यात किल्लीचा सेल जातो आणि गाडीची मोठी बॅटरीही थोडी थोडी खाल्ली जाते. खुंटी आठ-दहा फूट लांब न्या. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर यांच्याजवळही किल्ली ठेवू नका.

दुसरा संशय त्या रबरी कव्हरवर. रस्त्यावर मिळणारं घट्ट कव्हर चढवलं की एखादं बटण अर्धवट दाबलेलंच राहतं. किल्लीवर लाल दिवा असेल तर अंधारात बघा, आपोआप लुकलुकतोय का.

तिसरा संशय सेलावरच. दुकानदारानं ‘हाच बसतो’ म्हणून काय दिलं ते वाचा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. तो २०३२ च्या जागेत बसतो खरा, पण सैल. गाडी खड्ड्यात गेली की संपर्क तुटतो, आणि आपण म्हणतो सेल गेला. जुन्या सेलावर जो आकडा आहे तोच घ्या, सीलबंद पाकिटातला, तारीख बघून. बरणीतले सुटे सेल एकमेकांना घासून आधीच अर्धे झालेले असतात. चांगला सेल साधारण दोन-तीन वर्षं जातो. मीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडं वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला की मी काढून टाकतो. पण नुसत्या मीटरवर विसंबू नका. काम पडल्यावर बसणारा सेल रिकाम्या हाताला ताठच दिसतो.

बेळगाव, शहापूर : सेल बदलला की किल्ली परत प्रोग्रॅम करावी लागते असं सांगून एका ठिकाणी हजारात पैसे मागितले. खरं का?

बहुतेक गाड्यांत नाही. सेल काढला म्हणून किल्लीची ओळख पुसत नाही, ती विजेशिवायही टिकणाऱ्या मेमरीत असते. एखाद्या जुन्या रिमोटला गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, तेही पुस्तकात दिलेलं असतं आणि मिनिटभराचं काम असतं. किल्ली हरवली आणि नवी घेतली, तर मात्र प्रोग्रॅमिंग खरं.

घरीच बदला की. पातं काढलं की तिथं फट दिसते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून त्या फटीत हलकं पिळा, डबी उघडते. अधिकची खूण वर होती की खाली ते आधी बघा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. सेल लाकडी काडीनं उचला. लोखंडी चिमट्यानं दोन्ही बाजू एकदम धरल्या तर शॉर्ट होतो, आणि आतली पितळी पट्टी वाकली तर खरंच दुकान गाठावं लागेल. कडेची रबरी रिंग जागेवर बसवा, पाऊस तीच अडवते.

चिकोडीहून एक आजोबा : काढलेले सेल ड्रॉवरमध्ये साठवलेत. टाकायचे कुठं? नातू दोन वर्षांचा आहे.

आजोबा, पत्र खाली ठेवा आणि आधी ड्रॉवर रिकामा करा. गाडीला पुरत नाही म्हणून काढलेल्या सेलातही पोराचा घात करण्याइतकी वीज उरलेली असते. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतनं भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघू नका, एक्स-रे होतो अशा मोठ्या दवाखान्यात थेट न्या. ओकारी काढू नका, जेवण देऊ नका. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देतात, जास्तीत जास्त सहा वेळा, पण मध शोधायला थांबू नका. सेलाच्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावा आणि ते ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नकोत.

शिनोळीहून : बाकी सगळीकडं रिमोट चालतो, पण एका ओळखीच्यांच्या घरासमोर गाडी लावली की चालत नाही. घरामागं टॉवर आहे. सेल नवा आहे.

सेल निर्दोष आहे. बऱ्याच किल्ल्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आवाजही बारीक, आणि जवळ मोठ्यानं बोलणारं यंत्र असेल तर गाडीला ती ऐकू येत नाही. दाराला चिकटून दाबून बघा. नाही उघडलं तर पातं आहेच. पुढच्या वेळी गाडी चार घरं अलीकडं लावा, टॉवर काही हलणार नाही.