जिथे उभी आहेस तिथलंच सांग

अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचून काढली. नव्या विद्यार्थ्यांना पुणे विद्यापीठ दाखवायचंय, आणि बावीस पानांतलं काय ठेवायचं, काय गाळायचं हे तुला कळेनासं झालंय. अगं, जिथे उभी आहेस तिथून दिसतं त्याबद्दलच बोल. बाकीचं ती मुलं घरी वाचतील.

एका वेळी पंधराच जण ने. वीसच्या वर गेले की मागच्यांना ऐकू येत नाही, ते मोबाइल काढतात आणि तुझा आवाज चढतो.

मुख्य इमारतीला थेट भिडू नकोस. मनोरा वरपर्यंत दिसेल इतक्या लांब हिरवळीवर थांब आणि मिनिटभर त्यांना नुसतं बघू दे. मग सांग: मुंबईच्या गव्हर्नरचं हे पावसाळी निवासस्थान. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६४ला काम सुरू झालं, १८७१ला संपलं. विद्यापीठ आलं १० फेब्रुवारी १९४९ला. म्हणजे ही वास्तू शिकण्यासाठी बांधलेलीच नव्हती, हे आधी त्यांच्या ध्यानात येऊ दे. सावित्रीबाईंच्या पुतळ्यापाशी वर्षांची गल्लत होते: विद्यापीठाला त्यांचं नाव २०१४चं, पुतळा २०२२चा.

पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. ते तू इथेच उरकलंयस. का? त्यांच्या नावाचं ग्रंथालय पुढे आहे, तिथे पोचल्यावर सांग. पुन्हा तेच म्हणतोय, कारण वहीत तू पुन्हा पुन्हा तेच केलंयस.

'रँडचा खून विद्यापीठात झाला' हे वाक्य आधी खोड. रँड म्हणजे पुण्याचा प्लेग अधिकारी. २२ जून १८९७च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ या वास्तूत होता. चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या त्या परतीच्या वाटेवर, गणेशखिंड रस्त्यावर. लष्करी अधिकारी आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. हे सांगताना पाठ इमारतीकडे कर आणि हात फाटकाकडे. तेवढ्यानं रस्ता, रात्र, गाडी सगळं उभं राहतं. पेशवे-इंग्रजांची खडकीची लढाई, ५ नोव्हेंबर १८१७, याच गणेशखिंडीच्या माळावरची. पण तिची एकही खूण तुला इथे दाखवता येणार नाही, म्हणून दोन वाक्यांत आटप. एवढ्या मोठ्या लढाईला दोनच वाक्यं, याबद्दल मला बोल लावणारे आहेत. लावोत. न दिसणाऱ्या गोष्टींवर बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्याची खंत आहे.

आयुका, म्हणजे आवारातली खगोलशास्त्राची संस्था, तिच्यासाठी आठवडाभर आधी परवानगी माग आणि तास राखून ठेव. पृथ्वीचं फिरणं दाखवणारा तिथला फूको लंबक चालू आहे ना, तेही तेव्हाच विचार. पोचल्याबरोबर त्याच्या झोक्याची दिशा जवळच्या फरशीच्या सांध्याशी ताडून घ्यायला लाव. मग वास्तुकार चार्ल्स कोरियांच्या भिंती दाखव: खाली काळा बेसाल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा, माथ्यावर आभाळ दिसेल असा चकचकीत ग्रॅनाइट. कुंडाच्या कोपऱ्यांवरच्या पुतळ्यांतले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन त्यांचे त्यांना ओळखू देत. तासानं लंबकापाशी परत ये. दिशा पाच अंशांना थोडी कमी सरकलेली असेल. ध्रुवावर या दिशेचा पूर्ण फेरा सुमारे चोवीस तासांत पुरा होतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून इथे पंचाहत्तर तास लागतात. अर्ध्या तासात परत आलीस तर फरक डोळ्याला कळणार नाही आणि मुलं तुझ्यावर विश्वास ठेवून मान डोलावतील. ते नको. तास म्हणजे तास.

रविवारी वहीशिवाय एकदा चालून ये. कुठे अडलीस ते लिहून पाठव.