गोगलगाय, पोटात पाय आणि काचेची टाकी

या वेळी तीन पत्रं निवडली आणि तिन्ही गोगलगायींची निघाली. मासेवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, ६० × ३० × ३५ सेंटिमीटरची टाकी घेतली आहे. मासे नकोत. भरपूर पाणवनस्पती आणि दोन-तीन मिस्ट्री गोगलगायी, एवढंच हवंय. विक्रेता म्हणाला, आज पाणी भरा आणि उद्या गोगलगायी सोडा. इतकं सोपं आहे का? आणि झाडं कशी मांडायची?

उत्तर : उद्या सोडू नका. महिन्याभराने बघू, तेही पाणी तपासून.

काठोकाठ भरली तर तुमच्या टाकीत ६३ लिटर पाणी मावतं, म्हणजे ६३ किलो. त्यात वाळू, दगड आणि काचेचं वजन आलं. तेव्हा आधी टेबल दोन्ही हातांनी हलवून बघा. जरा जरी डुगडुगलं तर टाकी त्यावर नको. थेट ऊन येणारी खिडकीही टाळा. झाडं मूळ धरायच्या आत शेवाळ काचेवर बस्तान बसवतं.

वाळू गढूळपणा जाईपर्यंत धुवा. पुढच्या काचेशी ३ सेंटिमीटर आणि मागे ७, असा उतार द्या. तो हळूहळू सपाट होत जातो, म्हणून मध्ये दोन-तीन दगड अर्धे पुरून वाळू अडवा. मोठं लाकूड किंवा दगड एका बाजूपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवा. मधोमध ठेवलेला दगड मला नेहमी शाळेच्या ग्रुप फोटोतल्या मुख्याध्यापकांसारखा वाटतो.

मागे व्हॅलिस्नेरिया लावा. हिरव्या फितींसारखी लांब पानं, आणि वाळूतून आडवी पिल्लं काढत ती आपली आपण पसरते. मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोरायन. ही नव्या पाण्यात गेली की पुष्कळदा पानं विरघळवून टाकते. घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. अनुबियास आणि जावा फर्न मात्र लाकडाला दोऱ्याने बांधायची. त्यांचं जाड आडवं खोड वाळूखाली जाता कामा नये. माझ्या पहिल्या टाकीत मी चारही अनुबियास कुंडीतल्या रोपांसारखी छान खोल लावली होती. काही आठवड्यांनी एक पान ओढून पाहिलं तर अख्खं रोप हातात आलं. खोड पिचपिचीत, आणि वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या.

पाणी भरताना वाळूवर एक बशी ठेवा आणि धार बशीवर सोडा. नळाच्या पाण्यात क्लोरीनविरोधी द्रव घाला. नुसतं रात्रभर ठेवून क्लोरीन उडून जाईल, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं आणि ते असं जात नाही.

आता महिना का थांबायचं? गोगलगायीच्या विष्ठेतून आणि सडत्या पानांतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं झाडांचं खत. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये आणि वाळूत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवा आणि दिवसाआड चिमटीभर माशांचं खाद्य टाका, म्हणजे जिवाणूंची उपासमार होणार नाही. दिवा रोज ६-७ तासच. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की गोगलगायी आणा.

आणताना जात विचारून घ्या. मिस्ट्री गोगलगाय निरोगी झाडांना सहसा हात लावत नाही (तिला हात नाहीत, पोटच पाय आहे, आपली म्हण त्या बाबतीत चोख आहे). पण तिच्यासारखीच दिसणारी कॅनॅलिक्युलाटा ही जात झाडांचा फडशा पाडते. शंख चुन्याचा असतो, म्हणून पाण्याचा पीएच ७ च्या खाली, म्हणजे आम्लाकडे, जाऊ देऊ नका. शंखावर पांढरे खड्डे दिसू लागले तर पक्ष्यांच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस टाकीत ठेवा.

आणि झाकण! मिस्ट्री गोगलगाय हवेतूनही श्वास घेते, शिवाय अंडी पाण्याच्या वर, काचेला चिकटवते. त्यासाठी वर ५-६ सेंटिमीटर जागा रिकामी सोडा, पण झाकण पक्कं हवं. माझी एक बाई रात्री बाहेर पडली आणि सकाळी चपलांच्या स्टँडमागे शंखाचं दार बंद करून बसलेली सापडली. पाण्यात ठेवल्यावर बराच वेळ रुसून राहिली, मग आपली निघाली काच चाटायला. अंड्यांचा गुलाबी घोस दिसला आणि पिल्लं नको असतील तर खरवडून टाका. एकटीच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आधीच्या नराचं बीज ती महिनोन् महिने साठवून ठेवू शकते.

प्रश्न : आम्ही न आणताच टाकीत बारीक गोगलगायी आल्या आणि आता शेकड्यांनी झाल्यात. पानांना भोकं पडताहेत. गोगलगायी मारायचं औषध टाकू का?

उत्तर : टाकू नका. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं. मी एकदा माशांच्या आजारासाठी तांब्याचं औषध वापरलं, बाटलीवरचा मजकूर न वाचता. मासे वाचले, पण माझ्या सगळ्या नेराइट गोगलगायी दोन दिवसांत तळाशी उलट्या पडल्या. शेकडो गोगलगायी एकदम मेल्या तर त्यांचाच अमोनिया होतो, तो वेगळा.

त्या झाडांबरोबर अंड्यांच्या रूपात आल्या असणार, पण वाढल्या तुमच्या हातून पडणाऱ्या जास्तीच्या खाद्यावर. ते निम्मं करा. रात्री काकडीची चकती टाका आणि सकाळी तिच्यावर जमलेला घोळका उचला. आठवडाभर हे करा. काढलेल्या गोगलगायी तळ्यात किंवा ओढ्यात मात्र सोडू नका.

भोकांचं बघायचं तर, जुन्या पानांवर टाचणीएवढी, पिवळ्या कडांची भोकं असतील तर बहुधा पोटॅशियम कमी पडतंय. पान कमजोर झाल्यावर गोगलगाय तिथे येते, आणि आपण तिला रंगेहाथ पकडल्याच्या थाटात बघतो.

प्रश्न : नेराइट गोगलगाय आणल्यापासून लाकडावर तिळाएवढे कडक पांढरे ठिपके दिसतात. रोग आहे का?

उत्तर : अंडी आहेत. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत, त्यांना खारट पाणी लागतं. काचेवरचे ठिपके पातळ पात्याने निघतील. लाकडावरचे माझ्याकडूनही निघाले नाहीत.